किल्ली काढल्यावर किती वेळ? टायमर रिलेला ठरवू द्या

अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि असली उष्णता गाडीच्या बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी करते. त्यात डॅशकॅम थेट बॅटरीला जोडला तर? 0.3 अँपिअरने तो 24 तासांत सुमारे 7 अँपिअर-तास ओढतो. छोट्या गाडीची बॅटरी असते 35 ची. तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की स्टार्टर फिरायचा नाही. म्हणून मधे ऑफ-डिले टायमर रिले हवा: रिलेच्या 30 नंबर पिनला फ्यूजमधून बॅटरीचा कायम प्लस, 87 वरून उपकरण, टायमरला इग्निशनचा सिग्नल. किल्ली काढली की ठरवलेली मिनिटं संपताच पुरवठा तुटतो.

इग्निशनलाच का जोडू नये, असं कुणी विचारेल. मग बाजारात गाडी लावून गेलात की कॅमेराही बंद, म्हणजे गरजेच्या वेळीच नाही. टायमर स्वतः करंट खातो हा आक्षेप मात्र खरा आहे. वेळ संपल्यावर कॉइल सुटणारा टायमर घेतला तर हा खर्च अगदी किरकोळ उरतो. वॉरंटीची काळजी असेल तर मूळ वायर कापू नका, फ्यूज-टॅप वापरा. थेट बॅटरीवरून वायर आणलीत तर फ्यूज बॅटरीजवळच बसवा. वायर घासून बॉडीला लागली तरी आग लागण्याआधी फ्यूज उडेल. आणि रिले बॉनेटखाली नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो डॅशबोर्डखालीच बरा.