न वापरलेल्या कोडचा भार कोण उतरवतो?

सी भाषेत प्रोग्राम लिहिताना प्रत्येक गोष्ट स्वतः लिहावी लागत नाही. गणित, मजकूर, छपाई अशा कामांची फंक्शन्स लायब्ररीत तयार असतात. त्यांतली मोजकीच वापरली जातात. मग उरलेल्यांचा भार प्रोग्रामवर पडतो का? संगणकावर हा प्रश्न गौण वाटेल. पण विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या ‘आर्डुइनो उनो’ बोर्डवरील चिपमध्ये प्रोग्रामसाठी अवघी ३२ किलोबाइट जागा असते. तिथे प्रोग्राम मावतो की नाही, हे बऱ्याच अंशी ‘लिंकर’वर अवलंबून असते.

कंपायलर प्रत्येक सोर्स फाइलची एक ऑब्जेक्ट फाइल बनवतो आणि लिंकर त्या जोडून अंतिम प्रोग्राम तयार करतो. स्टॅटिक लायब्ररी म्हणजे अशाच ऑब्जेक्ट फाइल्सचे गाठोडे. वापरलेल्या, पण अद्याप न सापडलेल्या नावांची यादी लिंकरजवळ असते. त्या यादीतील नाव ज्या फाइलमध्ये आहे, तेवढीच फाइल तो उचलतो. मात्र फाइल उचलली की ती संपूर्ण येते. एका फाइलमध्ये वीस फंक्शन्स असतील आणि हवे असेल एकच, तरी उरलेली एकोणीसही सोबत येतात. म्हणूनच सी लायब्ररीचे कर्ते शक्यतो एका फाइलमध्ये एकच फंक्शन ठेवतात.

यावर आणखी एक उपाय आहे. जीसीसी कंपायलरला प्रत्येक फंक्शन स्वतंत्र विभागात ठेवण्यास सांगता येते. मग लिंकर प्रोग्रामच्या आरंभबिंदूपासून निघून, कोण कोणाला बोलावते याचा माग काढतो आणि जिथे पोहोचता येत नाही ते विभाग वगळतो. आर्डुइनोच्या प्रणालीत ही व्यवस्था आधीपासूनच चालू असते.

तरीही लिंकरला केवळ संबंध दिसतात, हेतू दिसत नाही. ‘प्रिंटएफ’ला दिलेल्या मजकुरात अपूर्णांक आहे की नाही, हे तो वाचत नाही. त्यामुळे एव्हीआर चिपसाठीच्या सी लायब्ररीत अपूर्णांक छापण्याची सोय असलेले प्रिंटएफ वेगळे ठेवले आहे. ते मुद्दाम जोडले नाही, तर आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह उमटते.

उलट धोकाही असतो. इंटरप्ट आल्यावर कुठे जायचे, हे सांगणाऱ्या तक्त्याला प्रोग्राममधील कोणतेही फंक्शन बोलावत नाही. चिप स्वतःच तिकडे वळते. लिंकरच्या दृष्टीने तो निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून लिंकरच्या सूचनाफाइलीत त्यावर ‘कीप’ अशी खूण केलेली असते.

संगणकावरील सामायिक लायब्ररींना मात्र ही छाटणी लागू होत नाही. त्या प्रोग्राममध्ये उतरवल्याच जात नाहीत. अनेक प्रोग्राम त्या वाटून वापरतात आणि उद्या कोणाला काय लागेल, हे आज ठरवता येत नाही.

एकूण, छाटणी लिंकर करत असला, तरी ती किती नेमकी होईल हे लायब्ररी लिहिणाऱ्याने कोडची विभागणी कशी केली, यावरच ठरते.