नॅनोबुडबुडे : लहान आकार, मोठे काम

सोड्याची बाटली उघडली की बुडबुडे सरसर वर येतात आणि फुटतात. पण काही बुडबुडे वर येतच नाहीत. कित्येक दिवस पाण्यातच राहतात. त्यांना नॅनोबुडबुडे म्हणतात.

त्यांचा व्यास साधारण १०० ते २०० नॅनोमीटर असतो. केसाच्या जाडीत १०० नॅनोमीटरचे सातशे-आठशे बुडबुडे ओळीने मावतील. बुडबुड्याचा व्यास दहापट कमी झाला की त्याचा वर चढण्याचा वेग शंभरपट कमी होतो. १० मायक्रोमीटरचा बुडबुडा तासाला सुमारे २० सेंटिमीटर चढतो, तर १०० नॅनोमीटरचा दिवसभरात जेमतेम अर्धा मिलिमीटर! तेवढ्यात पाण्याचे रेणू त्याला धक्के देऊन इकडेतिकडे भरकटवत राहतात. त्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे दोन बुडबुडे एकमेकांना दूर लोटतात. जुन्या गणितानुसार ते क्षणात विरघळायला हवेत. ते टिकतात कसे, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे.

उद्योगात त्यांचा उपयोग धुलाई, सांडपाणी शुद्धीकरण आणि खनिजे वेगळी करण्यासाठी होतो. खनिजाच्या बारीक कणांवर हे बुडबुडे बसले की मोठे बुडबुडे त्या कणांना सहज चिकटतात आणि वर उचलून आणतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१३ मध्ये या तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र समितीही स्थापन केली.

आता शेतीकडे वळू. मुळेसुद्धा श्वास घेतात. काळ्या जमिनीत पाणी साचले की मातीतील हवेची जागा पाणी घेते, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मुळे गुदमरतात, कुजतात. म्हणून ठिबकच्या पाण्यात नॅनोबुडबुडे सोडणारी यंत्रे आली आहेत.

आमची नाशिक जिल्ह्यात द्राक्षबाग आहे. "असे यंत्र घ्यावे का?" असे वडिलांनी मला फोनवर विचारले, तेव्हा मी वही घेऊन हिशेब केला. एका मिलिलिटर पाण्यात १०० नॅनोमीटरचे १० कोटी बुडबुडे धरले, तरी ते सगळे मिळून पाण्याचा फक्त दोन कोटीवा भाग व्यापतात. म्हणजे बुडबुड्यांत साठलेला ऑक्सिजन अगदीच थोडा. मुळांना खरा उपयोग होतो तो पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा. २५ अंश सेल्सिअसला साधी हवा वापरली तर एका लिटरमध्ये सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. शुद्ध ऑक्सिजन वापरला तर सुमारे ४० मिलिग्रॅमपर्यंत. शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ आणि गाळ कुजत असेल तर तो ८ पेक्षा बराच कमी असू शकतो. तिथे यंत्राचा फायदा होईल. पाणी आधीच चांगले असेल आणि यंत्र फक्त हवाच सोडत असेल, तर फारसा फरक पडणार नाही.

म्हणून मी वडिलांना तीन गोष्टी सांगितल्या. आधी बागेत चर काढून साचलेल्या पाण्याचा निचरा करा. मग मीटरने पाण्यातील ऑक्सिजन मोजून घ्या. शेवटी विक्रेत्याला आपल्याच पाण्यावर यंत्र चालवून दाखवायला सांगा आणि ड्रिपरमधून पडणारे पाणी पुन्हा मोजा.

नकाशा वाचल्याशिवाय आपण कूच करत नाही. नवे तंत्रज्ञान स्वीकारतानाही तोच नियम पाळावा : आधी मोजमाप, मग निर्णय.