तार एकाची, ग्राहक दुसऱ्याचा

ब्रिटनमधल्या जुन्या टेलिफोन एक्सचेंजचं कामकाज समजून घ्यायचं, तर एमडीएफसमोर, म्हणजे मेन डिस्ट्रिब्यूशन फ्रेमसमोर, उभं राहावं. मुंबईत एमटीएनएलच्या माणसांच्या तोंडीही हेच नाव असतं. ही एक लांबलचक लोखंडी चौकट. रस्त्याखालून आलेल्या केबल तळघरातून वर येतात आणि तिच्या एका बाजूला सुट्या होतात. इथली तांब्याच्या तारांची प्रत्येक जोडी म्हणजे गावातलं एखादं घर, दुकान किंवा दवाखाना. पलीकडच्या बाजूला एक्सचेंजची यंत्रं जोडलेली. दोन्ही बाजू सांधणारी पातळ, पीळ दिलेली तार म्हणजे जंपर. ग्राहक आले-गेले, यंत्रं बदलली, तसे जंपरवर जंपर पडत गेले. मोठ्या एक्सचेंजमध्ये त्यांचे जाडजूड जुडगे चौकटीतून लोंबत असतात.

या गुंत्यातला एक जंपर काढायचा आणि दुसरीकडे लावायचा, एवढ्याशा कामापाशी ब्रिटनमधली ब्रॉडबँडची स्पर्धा कितीतरी वर्षं अडून बसली होती.

त्याला कारण होतं. टेलिफोनवरचं बोलणं तारेवर फारच थोडी जागा घेतं, साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंत. त्याच्या कितीतरी वरच्या पट्ट्यात, २५ किलोहर्ट्झच्या पुढे, इंटरनेटची माहिती वाहून नेता येते. एडीएसएल तंत्राने हे जमवलं आणि घरोघरी पोचलेल्या जुन्या तारेला एकदम नवं मोल आलं. पण ती तार होती ब्रिटिश टेलिकॉमची, म्हणजे बीटीची. प्रत्येक घरापर्यंत दुसरी तार ओढणं कुठल्याही नव्या कंपनीच्या आवाक्याबाहेरचं. तेव्हा बीटीने आपल्या तारा प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने द्याव्यात, असा निर्णय तिथल्या ऑफटेल या नियामकाने नोव्हेंबर १९९९ मध्ये घेतला. पाठोपाठ युरोपीय संघाचा नियमही आला आणि जानेवारी २००१ पासून हे बंधनकारक झालं.

प्रत्यक्षात ते व्हायचं असं. भाडेकरू कंपनी एक्सचेंजच्या इमारतीत थोडी जागा घेऊन आपलं रॅक उभं करते. त्या रॅकपासून एमडीएफपर्यंत शेकडो जोड्यांची एक टाय केबल टाकून ठेवलेली असते. ग्राहकाने कंपनी बदलली की चौकटीवर काम करणाऱ्याच्या हातात ऑर्डर येते. तिच्यात दोन पत्ते असतात: ग्राहकाची जोडी कुठल्या पट्टीवर कितवी, आणि टाय केबलमधली कितवी जोडी तिला द्यायची. तो आधी चाचणीचा फोन लावून ऐकतो. योग्य लाइन सापडली ना, कोणी बोलत तर नाही ना, याची खात्री करतो. मग जुना जंपर सोडवतो. नवी तार कड्यांमधून ओवत टाय केबलच्या ठोकळ्यापर्यंत नेतो, फटीत बसवतो आणि पंचिंग टूल दाबतो. एका दणक्यात तारेवरचं आवरण चिरलं जातं, तांबं धातूच्या पात्यात पकडलं जातं आणि उरलेलं टोक कापून खाली पडतं. काम मिनिटांचं. पण एक खाच इकडची तिकडे झाली, की शेजाऱ्याचा फोन डेड.

पूर्ण तार भाड्याने घेतली तर एवढ्यावर भागतं. फक्त इंटरनेटचा वरचा पट्टा घेतला आणि बोलणं बीटीकडेच ठेवलं, तर एकाऐवजी दोन जंपर लागतात. लाइन आधी भाडेकरूच्या रॅकवर जाते. तिथे आवाज आणि डेटा वेगळे होतात आणि आवाज दुसऱ्या जोडीवरून बीटीच्या स्विचकडे परत येतो. जोड वाढले की बिघाडाच्या जागाही वाढतात.

आता हे जंपर लावणार कोण, तर बीटीचा माणूस. सगळी मेख इथेच होती. आपलाच ग्राहक पळवणाऱ्या कंपनीची ऑर्डर मालकाने तत्परतेने पुरी करायची. शिवाय इमारतीत जागा कुणाला आणि किती द्यायची, वीज आणि थंड हवेचे किती पैसे लावायचे, हेही त्याच्याच हातात. सुरुवातीला उत्साहाने पुढे आलेल्या बऱ्याच कंपन्या डॉट-कॉमचा फुगा फुटताच २००१ मध्ये मागे फिरल्या. पहिल्या तीन वर्षांत सबंध देशात मिळून काही हजार तारांपलीकडे मजल गेली नाही.

अमेरिकेत तर याहून वाईट झालं. तिथे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने तारा खुल्या केल्या होत्या. कोव्हॅड, नॉर्थपॉइंट आणि ऱ्हिदम्स या कंपन्यांनी कर्ज काढून शेकडो एक्सचेंजमध्ये यंत्रं बसवली. २००१ मध्ये तिन्ही दिवाळखोरीत गेल्या. नॉर्थपॉइंटची यंत्रं एटी अँड टीने विकत घेतली, पण ग्राहक घेतले नाहीत. मार्चमध्ये सुमारे एक लाख जोडण्या बंद पडल्या. पुढे २००३ मध्ये तिथल्या नियामकाने तारेचा फक्त वरचा पट्टा भाड्याने देण्याची सक्तीही टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचं ठरवलं. फ्रान्समध्ये मात्र फ्री या कंपनीने २००२ मध्ये महिना २९.९९ युरोला फ्रीबॉक्स आणला आणि भाड्याच्या तांब्यावर भलामोठा धंदा उभा करून दाखवला.

ब्रिटनमध्ये चित्र पालटलं ते हात बदलल्यावर. ऑफटेलच्या जागी आलेल्या ऑफकॉमने २००४ मध्ये कज्जे सोडवायला स्वतंत्र अधिकारी आणला आणि बीटीपुढे थेट फाळणीचा धोका उभा केला. प्रकरण स्पर्धा आयोगाकडे जाऊ नये म्हणून बीटीने सप्टेंबर २००५ मध्ये लेखी हमी दिली. जानेवारी २००६ मध्ये तारा आणि त्या हाताळणारी माणसं ओपनरीच या वेगळ्या विभागाकडे गेली. बीटीचा विक्री विभाग असो की परकी कंपनी, तारेचा दर तोच, ऑर्डर घेणारी प्रणाली तीच, मुदतही तीच. दरम्यान दरही उतरले होते. पूर्ण तारेचं वर्षाचं भाडं आधी शंभर पौंडांच्या वर होतं, ते ८१.६९ पौंडांवर आलं. नुसता इंटरनेटचा पट्टा १५.६० पौंडांत मिळू लागला.

मग झुंबड उडाली. एप्रिल २००६ मध्ये टॉकटॉकने फोनच्या योजनेसोबत ब्रॉडबँड फुकट जाहीर केलं. इतक्या ऑर्डरी आल्या की ग्राहक ताटकळले आणि तक्रारींचा पाऊस पडला. ईझीनेट ही ब्रॉडबँड कंपनी विकत घेतलेल्या स्कायने जुलैमध्ये आपल्या टीव्ही ग्राहकांना प्राथमिक ब्रॉडबँड विनामूल्य दिलं. २००६ अखेर भाड्याच्या तारा सुमारे १३ लाख होत्या, वर्षभरात त्या ३७ लाखांवर गेल्या. अर्थात हा सुकाळ शहरांपुरता. चारदोनशे घरांच्या एक्सचेंजमध्ये रॅक ठेवून खर्च निघत नसल्याने तिकडे फारसं कोणी फिरकलं नाही.

भारतात ही वाट दिसली होती, पण कोणी चाललं नाही. एप्रिल २००४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या तारा खाजगी कंपन्यांना खुल्या करण्याची शिफारस केली. ऑक्टोबरमध्ये आलेल्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या होती. तारांच्या बाबतीत मात्र सक्ती नव्हती. आपसात व्यापारी करार करायला दोन्ही सरकारी कंपन्या मोकळ्या होत्या, एवढंच. जानेवारी २००५ मध्ये एमटीएनएलने मुंबई-दिल्लीत ट्रायबँड आणि बीएसएनएलने इतरत्र डेटावन आणलं. एमडीएफ दोघांच्याच ताब्यात राहिला. मुंबईकरांसमोर पर्याय म्हणून आला तो इमारतींवरून तारा ओढणारा केबलवाला.

ब्रिटनमध्ये पुढे तंत्रानेच हा डाव मोडला. फायबर एक्सचेंजमधून निघून रस्त्याकडेच्या हिरव्या कपाटापर्यंत आलं आणि तांब्याला कामही तेवढ्याच शेवटच्या तुकड्यापुरतं उरलं. एक्सचेंजमधलं भाडेकरूचं रॅक या नव्या जोडणीच्या उपयोगाचं राहिलं नाही. आता फायबर थेट घरात जात आहे. जुनी टेलिफोन यंत्रणा जानेवारी २०२७ मध्ये बंद करण्याचं ठरलं आहे आणि सुमारे ५,६०० एक्सचेंजपैकी हजारभरच ठेवण्याची योजना आहे.

भाड्याचा व्यवहार मात्र संपलेला नाही. नव्या कंपन्या ओपनरीचकडून आता तार घेत नाहीत. त्या जमिनीखालचे पाइप आणि रस्त्यावरचे खांब वापरायला घेतात आणि त्यांतून स्वतःचं फायबर ओढतात. वाद नव्याने सुरू झाले आहेत: पाइप चिखलाने तुंबला असेल तर तो उपसायचा कुणी, खांबाला आणखी किती तारांचा भार सोसेल, आणि मीटरमागे दर काय. हे दर ठरवण्याचं काम आजही ऑफकॉमकडेच आहे.