एकच देश, एकच गिऱ्हाईक? जरा थांबा!

अमरावती-अकोल्यातून हमखास विचारणा होते, "सर, माल बाहेर पाठवायचाय, सुरुवात कुठून करू?" निर्यातीसाठी लागणारा आयईसी नंबर 500 रुपयांत ऑनलाइन निघतो हो, ते सोपंय. आधी वरुड-मोर्शीचा संत्रा बघा. त्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. 2019 मध्ये तिथलं आयात शुल्क किलोमागे 20 रुपये होतं, 2023 मध्ये ते 88 वर गेलं. संत्रा तोच, चव तीच, पण भाव इथं पडला.

म्हणून ऑर्डर घ्यायच्या आधी कागदावर मांडा: शुल्क दुप्पट झालं तर किलोमागे मला काय उरतं? काहीच उरत नसेल, तर सगळा माल तिकडं लावू नका.

दुसरं, उधारी. परदेशातून पैसे यायला दोन-तीन महिने सहज लागतात. तोवर मजुरी, वीजबिल, बँकेचा हप्ता थांबत नाही. तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात असेल तरच उधार द्या. नवीन गिऱ्हाइकाकडून ॲडव्हान्स घ्या, बुडीत उधारीसाठी ईसीजीसीच्या विम्याची चौकशी करा. आणि जीएसटीचं एलयूटी, म्हणजे हमीपत्र, दर आर्थिक वर्षाला नव्यानं भरा. नाही भरलं तर आधी आयजीएसटी भरायचा अन् परताव्याची वाट बघत बसायचं. फुकट आहे, तरी लोक विसरतात!