लिदित्से

लिदित्से हे चेक प्रजासत्ताकाच्या मध्य बोहेमिया प्रांतातील क्लाद्नो जिल्ह्यातील एक छोटे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात, १० जून १९४२ रोजी, नाझी जर्मनीने हे गाव समूळ नष्ट केले. युद्धानंतर जुन्या गावाच्या शेजारी नवे लिदित्से वसविण्यात आले.

== भूगोल ==
लिदित्से राजधानी प्रागच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटर अंतरावर असून क्लाद्नो हे औद्योगिक शहर जवळच आहे. जुने गाव ओढ्याकाठच्या उथळ खोऱ्यात वसले होते. आजचे गाव त्या जागेलगतच्या उंच भागावर आहे.

== इतिहास ==
गावाचा पहिला लेखी उल्लेख चौदाव्या शतकातील आहे. शेतीबरोबरच क्लाद्नोच्या कोळसा खाणी आणि पोलाद कारखान्यांतील मजुरी हे येथील उपजीविकेचे मुख्य साधन बनले. १९४२ मध्ये गावात सुमारे ५०० लोक राहत होते.

=== १९४२ चे हत्याकांड ===
२७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये नाझी अधिकारी राइनहार्ड हाइड्रिख याच्यावर चेकोस्लोव्हाक सैनिकांनी हल्ला केला आणि ४ जून रोजी तो मरण पावला. गावातील दोन कुटुंबांचे मुलगे ब्रिटनमधील चेकोस्लोव्हाक सैन्यात होते, म्हणून संशय लिदित्सेवर गेला. झडतीत काहीही सापडले नाही. तरीही सूड म्हणून गावाची निवड झाली.

१० जून रोजी १७३ पुरुषांना होराक कुटुंबाच्या शेतवाडीत गोळ्या घालण्यात आल्या. स्त्रियांना राव्हेन्सब्रुक छळछावणीत धाडण्यात आले. काही मुले ‘जर्मनीकरणा’साठी निवडली गेली, तर ८२ मुलांना पोलंडमधील चेल्मनो येथे विषारी वायूने ठार मारण्यात आले. एकूण ३४० ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. युद्धानंतर १४३ स्त्रिया परतल्या. मुलांपैकी केवळ १७ जणांचा शोध लागला.

घरे जाळून सुरुंगाने उडविण्यात आली. संत मार्टिन चर्च पाडले गेले, दफनभूमी उखडली गेली आणि ओढ्याचा प्रवाहही बदलण्यात आला. गावाची खूणही उरू नये, हा त्यामागील हेतू होता.

=== प्रतिसाद आणि पुनर्वसन ===
नाझींनी हे कृत्य स्वतःच जाहीर केल्याने परिणाम उलट झाला. अमेरिका, मेक्सिको इत्यादी देशांत वस्त्यांना लिदित्सेचे नाव देण्यात आले. ब्रिटनमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे डॉ. बार्नेट स्ट्रॉस यांच्या पुढाकाराने खाणकामगारांनी गावाच्या पुनर्उभारणीसाठी निधी जमविला. १९४७ मध्ये नव्या गावाची कोनशिला बसविण्यात आली आणि पुढे १५० घरे बांधली गेली.

== प्रेक्षणीय स्थळे ==
* '''स्मारक परिसर:''' जुन्या गावाची जागा मोकळे कुरण म्हणून जपली आहे. चर्च व होराक शेतवाडी यांचे पाये आणि पुरुषांची सामूहिक कबर येथे आहे. जवळच संग्रहालय आहे.
* '''बालकांचे स्मारक:''' शिल्पकार मारिए उखितिलोव्हा यांनी मारल्या गेलेल्या ४२ मुली व ४० मुलगे यांचे पुतळे घडविले. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पती यिर्झी हाम्पल यांनी काम पुढे नेले. २००० मध्ये ब्राँझमधील ८२ पुतळ्यांचा समूह पूर्ण झाला.
* '''गुलाबबाग:''' जुन्या व नव्या गावाला जोडणारी ही बाग १९५५ मध्ये खुली झाली. तेथील रोपे अनेक देशांतून आली.
* '''कलादालन:''' येथे जगभरातील कलावंतांनी गावाला भेट दिलेल्या कलाकृती आहेत.

बळी गेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ १९६७ पासून येथे बालचित्रकला प्रदर्शन भरते. पुढे ते आंतरराष्ट्रीय झाले व भारतातील मुलेही त्यासाठी चित्रे पाठवितात.