स्वादुपिंडांतील आधारपेशींचें कूळ

मधुमेह हा शब्द ज्याच्या कानांवरून गेला नाहीं असा मनुष्य आज विरळा. या रोगाचा संबंध जठराच्या मागें आडव्या पसरलेल्या स्वादुपिंडाशीं आहे. तेथील ज्या लहान पेशीबेटांचें वर्णन पॉल लांगरहान्स यांनीं १८६९ सालीं केलें, त्यांतील बीटा पेशी इन्शुलिन निर्माण करतात. त्या बहुतेक नष्ट झाल्या कीं रोग्याच्या नशिबीं जन्मभर सुई येते. मग या पेशी पुन्हां कोठून मिळवावयाच्या?

उत्तर शोधणाऱ्यांची दृष्टि बेटांभोंवतालच्या आधारपेशींकडे वळली. भिंतींत विटांना धरून ठेवणाऱ्या चुन्याप्रमाणें या पेशी पिंडाचे सर्व भाग सांधून ठेवतात. त्यांपैकीं तारकापेशी १९९८ सालीं ऑस्ट्रेलिया व जर्मनी येथील शास्त्रज्ञांनीं वेगळ्या काढून वाढविल्या. स्वस्थ असतां त्या अ जीवनसत्त्वाचे स्निग्ध थेंब साठवितात. मद्यादिकांनीं इजा पोंचली म्हणजे ते थेंब गमावून त्या भराभर वाढतात आणि तंतु विणून पिंड कठीण करून टाकतात. आधारपेशींपैकीं कांहीं, कांचेच्या भांड्यांत वाढविल्या असतां, योग्य पोषणानें मेद, अस्थि व कूर्चा यांचेंहि रूप घेतात. म्हणून त्यांना मूलपेशींसारख्या म्हणतात.

२००४ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं मानवी बेटें भांड्यांत वाढविलीं. बीटा पेशी दिसेनाशा झाल्या आणि चातीसारख्या लांबट पेशींनीं भांडें भरून गेलें. तेव्हां बीटा पेशींनींच हें रूप घेतलें असावें व त्या पुन्हां इन्शुलिन देऊं लागतील, अशी आशा उत्पन्न झाली. परंतु वाड्यांतील जुने भाडेकरू गेले आणि नवे दिसूं लागले, एवढ्यावरून जुन्यांनींच वेष पालटला असें म्हणतां येत नाहीं.

म्हणून उंदरांच्या बीटा पेशींवर, वंशजांतहि उतरेल अशी कायमची खूण करण्यांत आली. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अशा प्रयोगांत लांबट पेशींवर ती खूण आढळली नाहीं. त्या आधारपेशींच्याच वंशांतल्या होत्या. मानवी पेशींचा निकाल थोडा निराळा लागला. २००८ सालीं इस्राएलमधील प्रयोगांत खूण केलेल्या कांहीं बीटा पेशी इन्शुलिन गमावून वाढतांना दिसल्या.

गर्भांतहि दोघींचीं कुळें भिन्न असतात. बीटा पेशी गर्भाच्या आंतल्या स्तरापासून, तर आधारपेशी मुख्यत्वें मधल्या स्तरापासून उत्पन्न होतात. तरी त्या मधल्या स्तरावांचून पिंडाचा अंकुर नीट वाढत नाहीं, हें १९६२ सालच्या प्रयोगांनीं दाखविलें. तात्पर्य, आधारपेशी ही इन्शुलिनची माता नसली तरी दाई आहे. आणि रोग्याला आशा दाखविण्यापूर्वीं पेशीचें रूप नव्हे, कूळ तपासलें पाहिजे.