फड उभा राहिला

1964 साली तमाशाच्या फडाचे मालक तुकाराम खेडकर गेले आणि तमाशाच्या दुनियेत प्रश्न उभा राहिला: आता पुढे काय? फड म्हणजे नुसती ढोलकी आणि चाळ नव्हे. कनात, वगाचं सामान, गावोगावच्या सुपाऱ्या आणि या सगळ्यावर जगणारी कितीतरी घरं. मालक गेला की ही घरं उघड्यावर येतात. त्या क्षणी पदरात मुलं घेऊन उभ्या होत्या त्यांच्या पत्नी, कांताबाई सातारकर.

कांताबाई 1939 साली जन्मल्या, त्या गुजरातमधल्या टिंबा गावी. आईवडील दगडखाणीत मजुरी करणारे. घरात कलेचा वारसा नाही. कुटुंब साताऱ्याला परतलं आणि या मुलीचे पाय थिरकू लागले. नवव्या वर्षी ती साताऱ्याच्या नवझंकार मेळ्यात उभी राहिली. काळ किती उलटा होता बघा: त्याच सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेचा ठपका ठेवून तमाशावर बंदी घातली होती. बंदी उठली, पण ठपका पुसला गेला नाही.

पुढे कांताबाईंनी मुंबई गाठली. दादू इंदुरीकरांच्या तमाशात काम केलं आणि मग त्या तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या. तिथे त्या नुसत्या नाचणाऱ्या कलावंत राहिल्या नाहीत, वगाच्या नायिका झाल्या. नाच शिकवता येतो; पण उघड्या मैदानात रात्रभर हजारो माणसं जागच्या जागी बसवून ठेवणारा संवाद अंगातच असावा लागतो. तो त्यांच्या अंगात होता.

गरीब वस्तीच्या कलेची वाट जगभर अशीच दिसते. ब्राझीलमध्ये रिओच्या डोंगरउतारावरच्या झोपडवस्त्यांत फंक संगीत वाढलं. पोलीस आणि प्रतिष्ठित मंडळी त्याकडे संशयाने पाहत राहिली. 2009 साली रिओ राज्याने कायदा करून त्याला संस्कृतीचा दर्जा दिला. तोवर वस्तीतल्या पोरांनी ते कधीच आपलंसं केलं होतं. आधी लोक ओळखतात, सरकार मागून येतं.

कांताबाईंनाही आधी लोकांनी ओळखलं. पतीच्या निधनानंतरच्या खडतर वर्षांतून त्यांनी स्वतःचा फड उभा केला: 'तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर'. 'रायगडची राणी', 'पाच तोफांची सलामी', 'असे पुढारी आमचे वैरी' असे ऐतिहासिक आणि सामाजिक वग त्यांनी गाजवले. मुलगा रघुवीर याच फडात सोंगाड्या म्हणून नावारूपाला आला. संगमनेर ही या कुटुंबाची कर्मभूमी झाली आणि नगर जिल्ह्याला एक मानाचा फड मिळाला. खाणमजुराच्या मुलीत फडमालकीण होती, हा महाराष्ट्राला लागलेला शोध होता. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार फार उशिरा आला.

25 मे 2021 रोजी, करोनाच्या काळात, संगमनेरलाच त्यांचं निधन झालं. तेव्हा जत्रा बंद होत्या आणि फड कर्जात बुडाले होते.

दसऱ्यानंतर फड पुन्हा बाहेर पडतात. तुमच्या गावच्या जत्रेत कनात लागली, तर तिकीट काढून आत बसा, आणि वग संपेपर्यंत उठू नका. तिथे रात्रभर उभ्या असलेल्या एखाद्या मुलीला ओळखण्याचं काम तुमचंच आहे.